न बोलता पाळलेला लेंट

मी प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि रविवारी चर्चमध्ये गाण्याला सुरुवात करून देत होते. म्हणजे माझं पोट आणि माझी हौस, दोन्ही घशावर चालायची. घरीही मी गप्प बसत नसे. आमचे हे माधवनगरच्या कापडगिरणीत फिटर होते. दिवसभर मागांच्या खडखडाटात काम करून आले की म्हणायचे, "गिरणीला सुट्टी असते, तुला नसते." मी ते कौतुक समजून आणखी बोलायची.

त्या घशालाच क्षय झाला.

या गोष्टीला आता सहा-सात वर्षं झाली. आजवर ती लिहावीशी वाटली नव्हती. पण आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका तरुण मुलीला परवा हेच दुखणं निघालं आणि ती मला विचारायला आली, "मावशी, तुम्ही ते दिवस काढले कसे?" मी सांगायला लागले आणि मधेच मला हसू फुटलं. तिला वाटलं, धीर द्यायला हसताहेत. तसं नव्हतं. त्या दिवसांत हसण्यासारखं खरोखरच पुष्कळ घडलं होतं. रडण्यासारखंही घडलं. दोन्ही सांगते.

डॉक्टरांचा आरसा

एकाहत्तरची लढाई नुकतीच संपली होती. नाताळात गाऊन गाऊन घसा बसला, तो उठेचना. सांगलीत राहून हळदीला काय तोटा? हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या. वर्गात मागच्या बाकांवरून "बाई, ऐकू येत न्हाई" सुरू झालं, मग ते मधल्या बाकांवर आलं, आणि एक दिवस पहिल्या बाकावरचा मुलगाही तेच म्हणाला. संध्याकाळी अंगात कणकण असायची. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. शेवटी हे मला ओढतच डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. मग लांब दांडीचा एक छोटा गोल आरसा घशात घालून बराच वेळ पाहत राहिले. आरसा पुसता पुसता म्हणाले, "छातीत डाग आहे. आणि तेच घशात उतरलंय. क्षय आहे."

माझी आत्या क्षयानं गेली होती, साताऱ्याला. तिची खाट अंगणातल्या खोपीत असायची आणि आम्हा मुलांना तिकडे जायची बंदी होती. डॉक्टर पुढं काय बोलत होते ते मला ऐकूच येईना. मला ती खोप दिसत होती, आणि खोपीबाहेर माझी पाच वर्षांची सुनू.

"अहो, ऐकताय ना? हे बरं होतं," डॉक्टर म्हणाले. "सुया आणि गोळ्या आम्ही देऊ. तुमची कामं दोनच. भरपूर खायचं आणि बोलायचं नाही."

"म्हणजे शाळेत बोलायचं नाही?"

"कुठंच नाही."

"हळू आवाजात?"

"हळू नाही आणि कुजबुजून तर मुळीच नाही. त्यानं घशाला जास्त ताण पडतो. मी सांगेपर्यंत एक शब्दही नाही."

"पण असं किती दिवस?"

"बघा, अजून तुम्ही बोलताच आहात," डॉक्टर म्हणाले.

शेजारी बसलेले आमचे हे एकदम हसले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंड बाजूला फिरवलं.

परतीच्या बसमध्ये मी गप्प होते आणि हे बोलत होते. त्यांना बोलायची सवय नव्हती, त्यामुळे सुचेल ते बोलत होते. गिरणीतला नवा माग, रस्त्यातली उसाची गाडी, ड्रायव्हरच्या मिशा. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांचं इतकं सलग बोलणं ऐकलं. मला ते आवडलं हे सांगायचं होतं, पण सांगता येत नव्हतं.

राखेच्या बुधवारची अंडी

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आम्ही ख्रिस्ती लोक लेंट पाळतो. प्रभूनं सोसलं त्याची आठवण म्हणून आपणही काही सोडायचं. माझे वडील साताऱ्याला हेडमास्तर होते. लेंट लागला की आमच्या घरात चहा बंद, मटण-अंडी बंद, गोडधोड बंद. सासरीही मी तेच सुरू केलं होतं. सासूबाईंचाही त्याला पाठिंबा होता. चाळीस दिवस घर कसं गंभीर होऊन जायचं.

त्या वर्षी गावाबाहेरच्या क्षयाच्या इस्पितळात मी दाखल झाले, ती नेमकी लेंटच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार. चर्चमध्ये सगळे गुडघे टेकून उपास सुरू करत असतील त्या वेळी माझ्यापुढं आयानं थाळी ठेवली. थाळीत दोन उकडलेली अंडी, पेलाभर दूध, पाव आणि लोणी.

मला रडू आलं. आजार दिला ते मी कसंबसं सोसलं होतं. पण आता देवाला माझा उपासही नको? आवाज नाही, म्हणजे गाणं नाही. ताकद नाही, म्हणजे गुडघे टेकणं नाही. आणि वर अंडी! मी ती डोळे मिटून, औषधासारखी गिळली. लहानपणापासून मला उकडलेल्या अंड्याचा वास सोसत नाही, हेही इथं सांगायला हवं. सकाळी सुई, मग मूठभर गोळ्या, मग अंडी, आणि दुपारी सक्तीची झोप. रोज हेच.

हौसाबाई

शेजारच्या खाटेवर कडेगावकडच्या हौसाबाई होत्या. पन्नाशीच्या, घरी विहीर आणि ऊस. थोरला मुलगा पलटणीत होता. त्यांच्या छातीला क्षय होता, पण आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा होता.

मी पाटी आणली होती. पहिल्याच दिवशी लिहिलं, 'मला बोलायची मनाई आहे. माझं नाव सुमती.' आणि पाटी त्यांच्यापुढं धरली.

त्यांनी पाटी उलटसुलट करून पाहिली. "आवं मास्तरीणबाई, म्या न्हाई साळंत गेल्याली. मला म्हस आन् पाटी सारखीच काळी."

मी घशावर बोट ठेवलं, ओठांवर ठेवलं, मान हलवली.

"मुक्या हाय व्हय?"

मी नाही म्हणून जोरजोरानं मान हलवली. वर बोट केलं, डॉक्टरांसारखी कानात नळी घातल्याची खूण केली.

"डाक्तरनं गप केलंय! आगं बया. बाईमाणसाला असली शिक्षा?" त्या खो खो हसल्या, खोकला येईपर्यंत हसल्या. "असूंदे. तुमच्या वाटणीचं बी मीच बोलते."

आणि त्या बोलल्या. विहिरीला पाणी लागलं तो दिवस, जावेची भांडणं, म्हशीचं बाळंतपण. आधी मी ऐकता ऐकता मनात माझी गोष्ट तयार करत असे. कुणी बोलायला लागलं की मला नेहमी तसंच व्हायचं, त्याचं संपायची वाट बघत बसायचं. पण इथं माझी पाळी कधी येणारच नव्हती. दोन-चार दिवसांत माझ्या मनानं ते ओळखलं आणि गोष्ट तयार करणं सोडून दिलं. मग मला हौसाबाई खरोखर ऐकू यायला लागल्या.

सुनू

मुलांना वॉर्डात येऊ देत नसत. रविवारी दुपारी बाहेर लिंबाच्या झाडाखाली थोडं अंतर ठेवून भेटता येई. पहिल्या रविवारी हे सुनूला घेऊन आले. सासूबाई आल्या नव्हत्या. त्यांनी आळीत सांगितलं होतं, सून साताऱ्याला माहेरी गेलीय. माझी ताट-वाटी त्यांनी वेगळी काढून ठेवली होती, हेही मला कळलं होतं. त्यात त्यांचं चुकलं असं नाही, घरात लहान पोर होतं. पण लागलंच मनाला.

सुनू मला बघून थांबली. मी हसले, हात हलवला.

"आई, बोल ना."

मी हसतच राहिले.

"आई, तू माझ्यावर रागावलीस? मी आजीचं सगळं ऐकते. आई, बोल ना गं!"

तिचे ओठ थरथरायला लागले. तिचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. दोन अक्षरांनी काय बिघडणार होतं? मी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि खाली बसले. आजारात सर्वांत कठीण काय गेलं असं मला विचाराल तर सुया नाहीत, गोळ्या नाहीत, ते दोन क्षण.

तेवढ्यात वॉर्डाच्या खिडकीतून हौसाबाईंचा आवाज आला. "ए पोरी! तुझी आय रुसली न्हाई. बोलली तर तिचा गळा दुखतुया. तूच बोल तिच्या वाटचं!"

सुनूनं खिडकीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून अगदी माझ्या आवाजात म्हणाली, "सुनू, जेवलीस का? केस का गं असे? किती वेळा सांगायचं तुला?" आणि लगेच आपल्या आवाजात, "जेवले आई."

आमचे हे झाडाला धरून हसायला लागले. मी बोलताना अशी दिसते? त्यानंतर दर रविवारी हाच खेळ. माझी सगळी बोलणी मी तिच्या तोंडून ऐकली आणि तोंडावर पदर धरून, आवाज न करता, पोट दुखेपर्यंत हसले.

डोक्याला तेल

मधल्या एका दिवशी आमच्या चर्चचे पाळक सायकलवरून भेटायला आले. वयस्कर, सावकाश बोलणारे. मी पाटीवर लिहिलं, 'यंदा माझा लेंट नाही. रोज अंडी खाते.' लिहिताना डोळे भरून आले.

त्यांनी ते वाचलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"सुमतीबाई, दर वर्षी काय सोडायचं ते आपणच ठरवतो. म्हणजे तिथंही आपलंच चालतं. यंदा जे सोडावं लागलं ते तुम्ही निवडलेलं नाही, एवढाच फरक. लेंट नाही कसा? मला तर वाटतं, मंडळीत सगळ्यांत कडक लेंट तुमचाच आहे."

मी थाळीत उरलेल्या अंड्याकडं बोट केलं.

"ते खायचं. स्वतःला नाकारणं म्हणजे स्वतःला छळणं नव्हे. बसमध्ये आपण थोडं सरकतो आणि दुसऱ्याला बसायला जागा देतो ना? तसं आहे ते. सरकल्यानं आपण पडत नाही. शेजारच्याची ओळख मात्र होते." मग माझ्याकडं निरखून पाहत म्हणाले, "आणि उपास करताना तोंड सुकवून बसू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, असं प्रभूनं सांगितलंय. तुमच्या डोक्याला किती दिवसांत तेल नाही?"

हौसाबाई कान देऊन ऐकत होत्या. "ह्यो तुमचा देव शाना हाय म्हणायचा. उपासाला तेल लावाय सांगतुया!"

पाळक गेल्यावर हौसाबाईंनी आपली खोबरेलाची बाटली काढली, मला खाटेवर पाठमोरी बसवलं आणि माझ्या डोक्यात तेल जिरवलं. गुंता सोडवत, बोलत बोलत घट्ट वेणी घातली. इस्पितळात आल्यापासून सुई टोचण्यावाचून कुणी मला हात लावला नव्हता. मी डोळे मिटून बसले होते. तीच माझी त्या दिवसाची प्रार्थना झाली.

दुसऱ्या दिवसापासून मी तोंड वाकडं न करता अंडं खायला लागले.

मिसरीची डबी

आणि मान वर करून खायला लागल्यामुळेच मला एक गोष्ट दिसली. हौसाबाई आपली अंडी, दूध खात नव्हत्या. आया वळली की दूध खिडकीबाहेरच्या मांजराला आणि अंडी पलीकडच्या खाटेवर. मांजर गुबगुबीत होत चाललं होतं आणि हौसाबाईंच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. डॉक्टर वजनाच्या काट्यापुढं कपाळाला आठ्या घालत होते. औषध लागू पडत नव्हतं.

मी त्यांचा हात धरला आणि दुधाकडं बोट केलं.

त्यांचा चेहरा उतरला. "कुनाला सांगू नका. आन् सांगणार तरी कसं म्हणा! पोरगं लढाईवर गेलं तवा म्या बोलले देवाला. त्यो दारात येईस्तवर दूध-अंडं-मटणाला शिवणार न्हाई. लढाई सपली, बाकीची पोरं आली. माझं अजून न्हाई आलं. आता कसं मोडू?"

मला किती बोलायचं होतं! मुलगा येईल तेव्हा त्याला आई दिसायला नको का? पण खुणांनी हे कसं सांगणार? मी माझी थाळी उचलली आणि त्यांच्या थाळीशेजारी ठेवली. हाताची घडी घातली.

"तुमी खावा की."

मी मान हलवली. त्यांच्याकडं बोट, मग माझ्याकडं.

"म्हंजे मी खाल्ल्याबिगर खानार न्हाई? आवं, तुमी मास्तरीण का सावकार?"

दूध निवलं, साय धरली. वॉर्डातल्या बायका खाटांवर उठून बसल्या. आया ओरडून गेली. हौसाबाईंना घाम फुटला. "देवाला काय तोंड दावू?"

मग मला एक सुचलं. त्यांच्या उशाखाली मिसरीची डबी असायची. भाजलेल्या तंबाखूची ती पूड सकाळ-संध्याकाळ दातांना घासल्याशिवाय त्यांचा दिवस उगवत नसे, मावळत नसे. डॉक्टर त्यावरून रोज रागवायचे. मी उशीखालून डबी काढली. वर आभाळाकडं बोट केलं, डबी उचलून देवाला दिल्यासारखी केली, आणि दुधाचा पेला त्यांच्या हातात ठेवला.

त्यांना क्षणात कळलं. "आन् काय बी सांगा बाई! त्येवढं सोडून काय बी!"

सगळा वॉर्ड हसला. त्या मात्र हसल्या नाहीत. माझ्या हातातून डबी घेतली, तिच्यावरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाल्या, "दूध सोडणं सोपं व्हतं. घरी बी दूध पोरांनाच जायचं. हे लय अवघड हाय. म्हंजे देवाला ह्ये जास्त पोचंल, न्हाई का?"

मी मान डोलावली.

त्यांनी डोळे मिटले, पुटपुटल्या, "देवा, अदलाबदल केलीया. मास्तरीणबाई साक्षीला हाईत," आणि पेला एका दमात रिकामा केला. डबी माझ्याकडं ठेवायला दिली. पुढचे चार दिवस त्या साऱ्या वॉर्डावर भडकत होत्या, माझ्यावर सर्वांत जास्त. पण दूध पीत होत्या.

सासूबाईंचा डबा

एका रविवारी लिंबाखाली हे आणि सुनू यांच्यामागून सासूबाई येताना दिसल्या. हातात डबा होता. उघडला तर मटणाचं पातळ सूप. लेंटमध्ये! आमच्या घरात त्या दिवसांत मटणाचं नावसुद्धा काढायची सोय नव्हती.

"आपल्याच चुलीवर शिजवलंय," सासूबाई म्हणाल्या. "शेजारीण वासावर आली. म्हणाली, उपासाचं दिस आन् मटान कुनासाठी? सांगून टाकलं. सुनंला क्षय हाय, तिच्यासाठी. किती दिस सातारा-सातारा करत बसायचं?" मग थोडं थांबून, "म्या न्हाई चाखलं. वास आला त्येवढा आला. वासानं मोडत नसंल, व्हय रं?" हे मुलाला.

मी तो डबा संपवला. सासूबाई टक लावून बघत होत्या. निघताना, ठरवलेलं अंतर सोडून, त्या पुढं आल्या आणि माझ्या गालावरून हात फिरवून गेल्या.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारनंतर दोन दिवसांनी हौसाबाईंचा मुलगा आला. अंगावर खाकी, खांद्यावर वळकटी, स्टेशनवरून थेट. त्याला वॉर्डाच्या दारात बघून हौसाबाईंचा तो आवाज पहिल्यांदाच बंद पडला. दोघं एकमेकांचे हात धरून नुसती बसून राहिली. तो गेल्यावर त्यांनी माझ्यापुढं हात पसरला. "नवस फिटला. आना डबी."

मी दिली. त्यांनी उघडली, वास घेतला, तीन शिंका दिल्या आणि झाकण लावलं. "ऱ्हाऊंदे. उंद्या बगू." त्या रोज तेच म्हणायच्या.

आणखी एक दिवस

ईस्टरच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा घशात आरसा घातला. या वेळी आरसा पुसताना ते हसत होते.

"सूज उतरली. जखमाही भरत आल्यात. औषधं अजून वर्षभर तरी सोडायची नाहीत. पण थोडं थोडं बोला आता. म्हणा काहीतरी."

मी तोंड उघडलं. आणि मिटलं. पाटी घेतली, लिहिलं, 'उद्या बोलते. उद्या माझी मुलगी येणार.'

डॉक्टरांनी पाटी वाचली, चष्मा काढला. "बोलू नका सांगितल्यावर बोलणारे पेशंट रोज बघतो. हे नवीन आहे."

त्या सबंध लेंटमध्ये मी माझ्या मनानं सोडलेली गोष्ट ती एकच, एका दिवसाचं बोलणं. आणि ते सोडताना जरासुद्धा जड वाटलं नाही. सणाच्या आदल्या दिवशी मुलं जशी उगाच हसतात तशी मी दिवसभर हसत होते. हौसाबाई म्हणाल्या, "येड लागलं का काय!" तोवर मला कुणी सांगितलं असतं की उपासात असा आनंद असतो, तर खरं वाटलं नसतं. तेव्हापासून आमच्या घरी लेंट पाळतो, पण तोंडं पाडून नाही. चहा सोडला तर त्या वेळात कुणाकडं तरी जाऊन बसतो, त्याचं ऐकतो.

माझा जुना आवाज परत आला नाही, हेही त्या मुलीला मी स्पष्ट सांगितलं. आता चर्चमध्ये मी पुरुषांच्या बाजूनं, खालच्या पट्टीत गाते. सुरुवात दुसरी कुणी करून देते. चांगली करते.

ईस्टरच्या दुपारी लिंबाखाली सुनू आली. नवा फ्रॉक, केसांत फूल. मागे सासूबाई आणि हे. वॉर्डाच्या खिडक्या बायकांनी भरल्या होत्या. सुनूनं नेहमीसारखे कमरेवर हात ठेवले आणि माझ्या वाटचं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी हाक मारली.

"सुनू."

आवाज कसला, विहिरीवरच्या रहाटासारखा, जाड, करकरता. सुनू दचकली. आधी वडिलांकडं वळली.

"बाबा, तुम्ही बोललात?"

"नाही गं," हे म्हणाले. त्यांनी रुमाल काढला आणि माझ्याकडं बोट केलं.

ती हळूहळू माझ्याकडं फिरली. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "आई, परत म्हण."

"सुनू."

"परत."

डॉक्टरांनी थोडं थोडंच बोलायला सांगितलं होतं. त्या दिवसाचं माझं सगळं बोलणं मी त्या दोन अक्षरांवर खर्च केलं.